कयफाचा हिशेब

पुण्य सप्ताहाच्या आदल्या शनिवारी मिस्साबलिदानात योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग वाचला जातो. येशूने लाजरसला मरणातून उठवले आहे आणि त्यामुळे यरुशलेमेतील पुढारी अस्वस्थ झाले आहेत. लोक या गालीलकराच्या मागे जाऊ लागले, तर रोमन सैन्य येईल आणि आपले मंदिर व आपले राष्ट्र दोन्ही बुडवील, ही त्यांची भीती. सभेत कोणालाच काही सुचत नाही. तेव्हा त्या वर्षीचा प्रमुख याजक कयफा बोलतो. राष्ट्र वाचणार असेल तर एका माणसाचा जीव ही काही मोठी किंमत नव्हे, असा त्याच्या बोलण्याचा मतलब. सभेला तो पटतो आणि त्या दिवसापासून येशूचे मरण ठरून जाते.

आम्ही प्रवचनपीठावरून कयफाला नेहमीच खलपुरुष म्हणून रंगवत आलो. पण तो उतारा शांतपणे वाचला की ध्यानात येते, की हा मनुष्य रागाने बोलत नाही, लोभानेही बोलत नाही. तो हिशेब करतो आहे. तराजूच्या एका पारड्यात एक जीव आणि दुसऱ्यात सगळे लोक. ज्याच्या शिरावर इतरांची जबाबदारी आहे, अशा कोणालाही हा हिशेब अपरिचित नाही. म्हणूनच तो नीट तपासून पाहिला पाहिजे. येशूच्या बाबतीत तो चुकीचा होता हे आपल्याला श्रद्धेने ठाऊक आहे. परंतु ज्या ठिकाणी पारड्यात देवाचा पुत्र नसून साधी माणसे असतात, तेथे तो बरोबर ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या शोधात आम्ही वाचकांना यरुशलेमेपासून फार दूर, १९३८ सालच्या चीनमध्ये नेऊ इच्छितो. तेथे एका नदीच्या काठावर हाच हिशेब मांडला गेला, आणि पारड्यात एक नव्हे, लाखो माणसे होती.

जपानने चीनशी उघड युद्ध सुरू केले ते जुलै १९३७ मध्ये, पेकिंगजवळच्या एका पुलावरील चकमकीचे निमित्त करून. ऑगस्टमध्ये शांघायची लढाई पेटली आणि ती तीन महिने चालली. चीनने आपल्या सैन्याचा उत्तम भाग तेथे गमावला. १३ डिसेंबर रोजी राजधानी नानकिंग पडली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्या शहरात जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. शरण आलेल्या सैनिकांची आणि नागरिकांची सामुदायिक कत्तल झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. युद्धानंतर टोकियोत बसलेल्या न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा २ लाखांहून अधिक मानला. पुढे आम्ही चीनच्या राज्यकर्त्यांविषयी जे म्हणणार आहोत ते वाचताना वाचकांनी नानकिंग विसरू नये. चिनी सरकार ज्याच्याशी लढत होते तो शत्रू काय करू शकतो, हे त्याला चांगले माहीत होते.

राजधानी गेल्यावर सरकारची पुष्कळशी खाती आणि सेनेचे मुख्यालय यांग्त्से नदीवरील वुहान येथे आले. वुहान म्हणजे वस्तुतः वुचांग, हँकौ आणि हानयांग अशी तीन जोडशहरे. १९३८च्या वसंतात तायरझ्वांग येथे चिनी सैन्याने जपान्यांचा पराभव करून साऱ्या जगाला चकित केले. पण तो आनंद टिकला नाही. १९ मे रोजी श्युचौ हे महत्त्वाचे शहर पडले आणि जपानी फौजा लोहमार्गाच्या कडेने पश्चिमेकडे सरकू लागल्या. ६ जून रोजी त्यांनी काइफेंग घेतले. पुढचे स्थानक झेंगझौ. तेथे पूर्व-पश्चिम जाणारा लोहमार्ग पेकिंगहून हँकौला जाणाऱ्या दक्षिणोत्तर लोहमार्गाला छेदतो. झेंगझौ पडले की वुहानचा दरवाजा उत्तरेकडून उघडा पडणार होता, आणि काइफेंग व झेंगझौ यांच्यामध्ये त्यांना थोपवू शकेल असे सैन्य उरले नव्हते. एक नदी मात्र होती.

पीत नदी, चिनी भाषेत ह्वांग हो, डोंगराळ प्रदेशातून पिवळी माती घेऊन मैदानात उतरते. ती माती तळाशी साचत जाते आणि पात्र वर्षानुवर्षे उंच होत जाते. काठचे लोक बांध वाढवतात, नदी पुन्हा गाळ आणते, पुन्हा बांध वाढवावा लागतो. शेकडो वर्षांच्या या चढाओढीत नदीचे पात्र भोवतालच्या शेतांपेक्षा उंच झाले आहे. काठच्या गावकऱ्याला नदी पाहायची तर मान खाली घालून नव्हे, वर करून पाहावी लागते. तिच्यात आणि त्याच्या घरात केवळ मातीचा बांध असतो. तो बांध राखणे हे चीनमध्ये राजाचे पहिले कर्तव्य मानले गेले. ज्याच्या राज्यात बांध फुटला त्याच्यावर स्वर्गाची मर्जी उरली नाही, असे लोक म्हणत.

तो बांध फोडण्याचा हुकूम १९३८च्या जूनमध्ये चीनच्याच सरकारने दिला. सरसेनापती चँग कै-शेक यांनी त्याला संमती दिली. सैनिकांनी प्रथम एका ठिकाणी खणून पाहिले, ते साधले नाही. मग झेंगझौच्या उत्तरेस हुआयुआनकौ या गावी दक्षिण तीरावर काम सुरू झाले. जे बांध बांधण्यात पिढ्या गेल्या तो फोडायलाही मोठी मेहनत पडली. ९ जूनच्या सकाळी पाणी बाहेर पडले. पावसाने नदीला जोर आला, खिंडार रुंदावत गेले आणि ह्वांग हो आपले जुने पात्र सोडून आग्नेयेकडे, हनान, आन्ह्वेइ आणि जियांगसू या तीन प्रांतांच्या मैदानांवर पसरली. गव्हाच्या सुगीचे ते दिवस होते.

सैनिकी दृष्टीने पाहिले तर योजना सफल झाली. पाण्याने जपानी तुकड्यांची वाट अडवली, झेंगझौ त्या वर्षी वाचले आणि जपान्यांना वुहानवर चालून जाण्यासाठी यांग्त्सेच्या काठाने दुसरा, लांबचा मार्ग धरावा लागला.

दुसऱ्या पारड्यातही पाहिले पाहिजे. खालच्या अंगाच्या असंख्य गावांना आगाऊ सूचना मिळाली नव्हती. पाणी सगळीकडे एकाच दिवशी पोहोचले नाही. ते पसरायला दिवस आणि आठवडे लागले. तरीही त्याच्या पुढे धावणारा सरकारी निरोप बहुतेकांच्या दारी आला नाही. जे बुडाले त्यांच्यापेक्षा नंतर भुकेने आणि रोगराईने मेलेले अधिक असावेत. युद्ध संपल्यावर चीन सरकारने मृतांचा काढलेला आकडा ८ लाखांच्या वर जातो. अलीकडचे अभ्यासक तो ४ ते ५ लाखांवर आणतात. घरदार सोडून परागंदा झालेल्यांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. खिंडार बुजवून नदी जुन्या पात्रात परत नेली गेली ती मार्च १९४७ मध्ये. म्हणजे जवळजवळ ९ वर्षे ते पाणी त्या शेतांवरून वाहत राहिले. पाणी हटले तेव्हा जाड गाळाखाली आपले शेत कोणते हे कित्येकांना ओळखता आले नाही.

आणखी एक गोष्ट. बांध फुटताच चीन सरकारने जगाला सांगितले की जपानी विमानांनी बाँब टाकून तो फोडला. जपान्यांनी ते नाकारले. पण नानकिंगनंतर जपान्यांच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? युद्धकाळात अधिकृत हकीकत तीच राहिली. खरी हकीकत उघड झाली ती पुढे.

त्या पाण्याने काय मिळवून दिले? वुहानची लढाई जूनमध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत चालली. त्या युद्धातील ती सर्वांत मोठ्या लढायांपैकी एक. चीनच्या बाजूने सुमारे १० लाख सैनिक निरनिराळ्या वेळी तिच्यात उतरले. यांग्त्सेच्या काठचे एकेक ठाणे जपान्यांना लढून घ्यावे लागले, त्यांनी विषारी वायूही वापरला. या काळात कारखान्यांची यंत्रे, शाळा, इस्पितळे, कचेऱ्या नदीमार्गे वर चुंगकिंगकडे हलवता आल्या. २५ ऑक्टोबर रोजी हँकौ पडले. पण चीन पडला नाही. त्याचे सरकार चुंगकिंगहून १९४५ सालच्या विजयापर्यंत लढत राहिले.

त्या महिन्यांशी आपलाही एक धागा जोडलेला आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून चीनकडे निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. सप्टेंबरच्या शेवटी ते हँकौला पोहोचले, शहर पडण्याच्या सुमारे चार आठवडे आधी. कोटणीसांची पुढची कथा मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकांतून आणि शांतारामांच्या १९४६च्या चित्रपटातून ठाऊक आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, चिनी जखमींची सेवा करता करता ते तेथेच निवर्तले. ते हँकौला उतरले तेव्हा ते शहर अद्याप चीनच्या हातात होते, याला जी कारणे होती त्यांत हुआयुआनकौचे पाणीही थोडेबहुत असावे. हा विचार आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. ज्या दिवसांत आपल्या माणसाने परक्या भूमीवर सेवेचा आरंभ केला, त्या दिवसांची किंमत कोणीतरी चुकती केली होती. आणि ज्यांनी ती चुकती केली त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता न्यायाने आधी बचावाची बाजू मांडू. चँग कै-शेक काही क्रूरकर्मा म्हणून बांधापर्यंत आले नव्हते. त्यांच्यासमोर नानकिंगची राख होती. वुहान उन्हाळ्यातच पडले असते तर प्रतिकार मोडला असता आणि कोट्यवधी लोक त्याच सत्तेखाली गेले असते. लाखांचा बळी देऊन कोट्यवधी वाचतात, असे त्यांचे गणित. काही इतिहासकार म्हणतात की पुराने शत्रूला फारसे अडवले नाही, केवळ त्याचा रस्ता बदलला. दुसरे म्हणतात की त्याने चीनला मोलाचा अवधी दिला. हा वाद इतिहासकारांनी मिटवावा. समजा, पुराने चीन वाचला असे धरले, तरी आमचा प्रश्न तसाच राहतो. किंबहुना तेव्हाच तो खरा बोचरा होतो. हिशेब फसला तर त्याची निंदा करणे सोपे असते. हिशेब जमला तर काय म्हणायचे?

नीतिशास्त्रात याविषयी एक जुना विचार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना त्याचे मूळ घातले आणि पुढच्या पंडितांनी तो नियमबद्ध केला. एकाच कृतीचे दोन परिणाम होत असतील, एक चांगला आणि एक वाईट, तर ती कृती केव्हा करता येते? कृती मूळची वाईट नसावी. कर्त्याचा हेतू चांगल्या परिणामाचा असावा. वाईट परिणाम हे चांगल्या परिणामाचे साधन नसावे. आणि मिळणारे भले होणाऱ्या हानीच्या तोडीचे असावे. सेमिनरीच्या बाकावर आम्ही हे चार नियम तोंडपाठ केले, तेव्हा ते शाब्दिक कसरतीसारखे वाटले होते. हुआयुआनकौच्या बांधावर उभे राहिले की त्यांचे वजन कळते.

आपल्याच भूमीत पाणी सोडणे ही कृती मूळची वाईट नव्हे. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने न्यूपोर्ट येथील दरवाजे उघडून समुद्राचे पाणी आपल्या सखल शेतांवर घेतले आणि जर्मनांची चाल थांबवली. तेथे रणभूमी झालेल्या शेतांवर पाणी हळूहळू चढले. माणसे बहुतांशी आधीच निघून गेली होती. त्या राष्ट्राने आपली जमीन बुडवली आणि पुढे ती परत मिळवली. त्याला कोणी पाप म्हणत नाही.

हुआयुआनकौला वेगळे काय होते? कोणी म्हणेल की तेथेही हेतू जपान्यांना अडवण्याचाच होता आणि शेतकऱ्यांचे मरण हा नको असलेला परिणाम होता. आम्ही या युक्तिवादाचा पुष्कळ विचार केला. तो टिकला असता, जर सूचना दिली गेली असती. सूचना का दिली नाही? कारण बातमी फुटली तर शत्रू सावध झाला असता. म्हणजे गावकऱ्यांनी अंधारात राहणे हा योजनेचा भाग होता. शत्रूला कळू नये म्हणून त्यांना कळू द्यायचे नव्हते. त्यांचे अज्ञान हे त्या शस्त्राचा एक अवयव झाले. ज्याचे मरण नको असते त्याला वाचवण्यासाठी माणूस निदान हाक तरी मारतो. बांध फुटल्यावर तर गुप्ततेचे कारणही संपले होते, आणि पाण्याच्या पुढे अद्याप कित्येक दिवस मोकळे होते. तेव्हाही हाक गेली नाही. ‘नकोसा परिणाम’ हा शब्द येथे आमच्या तोंडून निघत नाही.

आणि जे खोटे बोलले गेले, त्याचाही साक्षीदार म्हणून विचार व्हावा. जे कृत्य आपण योग्य मानतो ते आपण शत्रूच्या नावावर मांडत नाही. राष्ट्रासाठी आम्ही हा भयंकर निर्णय घेतला, आमच्याच लेकरांनो, आम्हाला क्षमा करा, असे कोणी म्हणाले असते तर त्या शब्दांत निदान मृतांचा मान राखला गेला असता. त्याऐवजी त्यांचे मरण पुन्हा एकदा वापरले गेले, या वेळी प्रचारासाठी. चँग कै-शेक यांचा १९३० साली मेथॉडिस्ट पंथात बाप्तिस्मा झाला होता. योहानाचे शुभवर्तमान त्यांच्या वाचनात आले असणारच. कयफाच्या त्या वाक्यापाशी ते कधी थांबले असतील काय, हे देवालाच माहीत.

या हिशेबाचा आणखी एक गुण असा, की एकदा तो हाताला लागला की दुसऱ्या वेळी तो सोपा जातो. वुहान पडल्यानंतर तीनच आठवड्यांनी, १३ नोव्हेंबर १९३८च्या पहाटे, चांगशा शहराला चिनी अधिकाऱ्यांनीच आग लावली. शत्रू येतो आहे, त्याच्या हाती काही लागू नये, हा विचार. लोक झोपेत होते. शहराचा बहुतेक भाग जळाला, हजारो माणसे मेली. शत्रू आला नव्हताच. जपानी सैन्याने चांगशावर पहिली मोठी चढाई केली ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. लोकांच्या संतापापुढे तीन अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हुआयुआनकौसाठी मात्र कोणालाही शिक्षा झाली नाही.

आता त्याच लोहमार्गाने थोडे उत्तरेकडे जाऊ. पेकिंग-हँकौ मार्गावरच, झेंगझौच्या पुष्कळ वर, झेंगडिंग नावाचे जुने शहर आहे. तेथे कॅथलिक मिशन होते आणि फ्रान्स श्रावेन हे हॉलंडमध्ये जन्मलेले व्हिन्सेंशियन बिशप होते. बांध फुटण्याच्या आठ महिने आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, जपानी सैन्य त्या शहरात शिरले. भोवतालच्या खेड्यांतून आलेले हजारो निर्वासित मिशनच्या आवारात भिंतींआड दाटीवाटीने बसले होते. त्यांत स्त्रिया आणि मुली पुष्कळ. सैनिकांनी स्त्रियांची मागणी केली आणि बिशपांनी ती नाकारली, अशी हकीकत त्या धर्मप्रांताने जतन केली आहे. ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बिशप श्रावेन आणि त्यांचे आठ सोबती यांना बांधून नेण्यात आले. त्यांत धर्मगुरू होते, धर्मबंधू होते, एक प्रापंचिकही होता. त्या नऊ जणांना ठार मारून जाळण्यात आले.

येथेही कयफाचा हिशेब मांडता आला असता, आणि तो फार सुबक दिसला असता. काही मुली द्याव्या आणि हजारो निर्वासित, मिशन, शाळा, अनाथालय सारे वाचवावे. बिशपांना असे सांगणारे शहाणे लोक जगात पुष्कळ मिळाले असते. त्यांनी त्या मुलींना पारड्यात घातलेच नाही. त्या त्यांच्या नव्हत्या. देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. जे त्यांचे होते, म्हणजे स्वतःचा जीव, ते त्यांनी दिले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. बिशपाला स्वतःचे मरण निवडणे शक्य होते. राज्यकर्त्याला ती सोय कोठे? तो मेला तरी शत्रू थांबत नाही. त्याला कोट्यवधींचा विचार करावा लागतो. जो कधी सिंहासनावर बसला नाही अशा धर्मगुरूने त्याला नीती शिकवू नये. हे आम्ही मान्य करतो. राज्यकर्त्याला माणसे मरणाच्या दारी पाठवावी लागतात, तटावर उभा केलेला सैनिकही मरतोच. परंतु सैनिकाला आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक असते. त्याच्या हातात शस्त्र असते, पाठीशी राष्ट्राची कृतज्ञता असते आणि मेल्यावर त्याच्या नावाचा दगड असतो. हुआयुआनकौच्या खालच्या शेतकऱ्याला यांपैकी काहीच नव्हते. राज्यकर्त्याने शरण जायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की माणसांना न सांगता, न विचारता, न हलवता त्यांच्या जिवाचे साधन करणे हे कोणत्याही सिंहासनाच्या अधिकारात बसत नाही. हेतू कितीही थोर असला तरी नाही. भले व्हावे म्हणून वाईट करावे, हे तत्त्व संत पौलाने रोमकरांस लिहिताना धिक्कारले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शहरे आणि विस्तीर्ण प्रदेश त्यांतील लोकांसह सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा निषेध केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३च्या आपल्या परिपत्रकात काही कृत्ये कोणत्याही हेतूने चांगली होत नाहीत हे पुन्हा निक्षून सांगितले. जगाच्या राष्ट्रांनाही हे उशिरा का होईना उमगले. १९७७ साली जिनिव्हा करारांना जोडलेल्या पूरक करारात धरणे आणि बांध यांवरील हल्ल्यांविरुद्ध विशेष संरक्षण घातले गेले.

आम्हाला कधी कधी असे वाटते की त्या सेनापतींपैकी एखादा आमच्या पापनिवेदनाच्या जाळीपाशी येऊन गुडघे टेकतो. आम्ही त्याला काय सांगू? त्याच्या भीतीला आम्ही हसणार नाही. शत्रूचे पाप आम्ही त्याच्या माथी मारणार नाही. या युद्धाचा पहिला आणि मोठा दोष ज्यांनी ते लादले त्यांचाच. पण शत्रूच्या पापाने तुझे पाप धुतले जात नाही, हेही सांगू. आणि मग प्रायश्चित्त म्हणून काय द्यावे? प्रथम खरे बोल. बांध कोणी फोडला ते सांग. मग त्या गावांकडे जा. बांधाचे खिंडार बुजवता येते. परंतु आपण कोणाला बुडवले हे कबूल केल्यावाचून बुडालेल्यांशी समेट होत नाही.

कयफाच्या हिशेबाचा शेवट वाचकांना ठाऊक आहे. एका माणसाला मारून जे राष्ट्र वाचवायचे होते, त्याची राजधानी इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळली आणि मंदिरही जाळले. योहान मात्र त्या वाक्यात आणखी काही ऐकतो. तो म्हणतो की कयफा नकळत भविष्य बोलून गेला, येशू खरोखरच लोकांसाठी मरणार होता. शब्द जवळजवळ तेच, एकाने अनेकांसाठी मरणे. कयफाच्या तोंडी त्याचा अर्थ दुसऱ्याला देऊन टाकणे असा होता, आणि येशूने तोच शब्द स्वतःला देऊन खरा केला. आमच्या मते ख्रिस्ती नीतीचा सारा प्रश्न या दोन अर्थांमधल्या अंतरात आहे. त्याग हा शब्द ज्याचा त्याने उच्चारायचा असतो.

आपल्यापैकी कोणाच्या हाती नदीचा बांध नाही, म्हणून हा विषय दूरचा समजू नये. कुटुंबाच्या भल्यासाठी थोरल्या मुलीचे शिक्षण थांबते आणि तिला कोणी विचारत नाही. जमिनीच्या कागदावर म्हाताऱ्या आईचा अंगठा घेतला जातो आणि कागदात काय आहे ते तिला वाचून दाखवले जात नाही. विकासासाठी कोणाची तरी गावे धरणाखाली जातात आणि आपण शहरात नळ उघडतो. धर्मग्रामाची अब्रू राहावी म्हणून एखाद्या दुखावलेल्या माणसाला गप्प राहायला सांगितले जाते, आणि ते सांगणाऱ्यांत आम्ही धर्मगुरूही असतो. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो. प्रत्येक वेळी पारड्यात बहुतांचे हित असते.

अशा वेळी आपण स्वतःला तीन साधे प्रश्न विचारावेत. ज्याला सोसायचे आहे त्याला आपण सांगितले काय? त्याला विचारले काय? आणि जे झाले ते उद्या त्याच्या समोर, खऱ्या शब्दांत, बोलून दाखवता येईल काय? हे प्रश्न विचारल्याने प्रत्येक निर्णय सोपा होईल असे नव्हे. काही निर्णय अधिक कठीण होतील. पण ज्याला हाक मारायची राहिली तो माणूस निदान आपल्या डोळ्यांसमोर येईल.

पुण्य सप्ताहाच्या आदल्या शनिवारी तो उतारा पुन्हा वाचला जाईल. त्या दिवशीच्या मिस्सात आम्ही हुआयुआनकौच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांसाठी प्रार्थना करणार आहोत. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. देवाला ठाऊक आहेत, आणि त्याच्या वहीत ती एकेक करून लिहिलेली आहेत.